सातशे डॉलरचं कोरल, पंचवीस डॉलरचा मासा

हे प्रकरण न्यू जर्सीतल्या एका मराठी घरातलं. नावं बदलली आहेत, बाकी घडलं तसं सांगते. मी त्या घरापासून गाडीने वीस मिनिटांवर राहते आणि चौदा वर्षं खाऱ्या पाण्याचा टँक सांभाळते, त्यामुळे काही अडलं की मंदारचा पहिला फोन मला येतो. या गोष्टीत दोन ठिकाणी मीही चुकले. ते त्या त्या जागी येईलच.

पार्श्वभूमी

मंदार आणि केतकीचा टँक ७५ गॅलनचा, म्हणजे सुमारे २८४ लिटरचा. हॉलच्या भिंतीला लावलेला, खाली कपाटात सम्प (पाणी गाळायची दुसरी टाकी) आणि स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र). २०१९ साली सुरू केला. पहिली तीन वर्षं दोघांनी शहाण्यासारखी काढली: आधी मऊ कोरल, मग हॅमर आणि टॉर्च, मग दोन मॉन्टिपोरा ही दगडी कोरल. अल्कलिनिटी (कोरलला सांगाडा बांधायला लागणाऱ्या कार्बोनेटचं माप) ८.३ dKH च्या आसपास, खारटपणा १.०२५, तापमान ७८ फॅरनहाइट. केतकी दर रविवारी टेस्ट घेऊन वहीत लिहायची. त्या वहीमुळेच हे प्रकरण इतक्या तपशिलात सांगता येतंय.

माशांमध्ये क्लाउनची जोडी, एक यलो टँग आणि बांगाई कार्डिनल. बांगाई सहा आणले होते, प्रत्येकी पंचवीस डॉलरचे. हे मासे लहान असताना घोळक्याने राहतात, आणि वयात आले की एकमेकांना जगू देत नाहीत. वर्षभरात सहाचे दोन उरले. रुपेरी अंगावर काळे पट्टे, पांढरे ठिपके, लांब पंख, आणि एकाच जागी तरंगत राहायची सवय. पाहुणे त्यांना ‘छान आहेत’ म्हणायचे आणि टँगकडे वळायचे.

टँगचं थोडं सांगायला हवं. २०१९ मध्ये तो साठ डॉलरला मिळाला होता. बाजारातले बहुतेक यलो टँग हवाईच्या पश्चिम किनाऱ्यावरून यायचे. तिथली पकड कोर्टात गेली आणि जानेवारी २०२१ पासून मत्स्यालयांसाठीची व्यावसायिक मासेमारी थांबली. भाव कित्येक पट चढला. समुद्रात मासा तेवढाच होता, दुकानात तेवढा राहिला नव्हता. मंदार मात्र पाहुण्यांना ‘आता हा मिळत नाही’ असं जरा मान वर करून सांगू लागला. चटक लागली ती तिथून, असं माझं मत.

प्रश्न

नोव्हेंबर २०२२ मध्ये एका ऑनलाइन थेट विक्रीत त्याला एक अ‍ॅक्रोपोरा दिसला. फांद्यांचं दगडी कोरल असतं ते. पाऊण इंचाचा फ्रॅग, म्हणजे वसाहतीचा कापलेला तुकडा, निळ्या दिव्याखाली गुलाबी, जांभळा, हिरवा, पिवळा सगळंच चमकत होतं. नाव चांगलं तीन शब्दांचं, चकचकीत. विक्रेता म्हणत होता की देशात मोजक्याच लोकांकडे आहे. किंमत सातशे डॉलर.

मंदारने फोटो पाठवून विचारलं, “ताई, खरंच रेअर आहे का हे?”

या प्रश्नाचं उत्तर ‘कुठे रेअर?’ यावर अवलंबून आहे, हे मी तेव्हा त्याला नीट सांगितलं नाही. ही माझी पहिली चूक. मी म्हटलं, “आहे तसं.” आता तेच जरा उलगडून सांगते.

तो फ्रॅग टेन्युइस या प्रजातीचा म्हणून विकला जात होता. टेन्युइस या नावाखाली ओळखले जाणारे अ‍ॅक्रोपोरा हिंदी आणि प्रशांत महासागरात दूरवर पसरलेले आहेत. २०२३ मध्ये तर संशोधकांनी दाखवून दिलं की या एका नावाखाली अनेक वेगवेगळ्या प्रजाती कोंबल्या गेल्या आहेत, आणि ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवरचा ‘टेन्युइस’ मुळात टेन्युइस नाहीच. म्हणजे लेबलवरचं प्रजातीचं नावसुद्धा भरवशाचं नाही. दुर्मीळ होता तो त्या एका वसाहतीचा रंग. कुणीतरी एक कॉलनी आणली, ती खुलली, तिला नाव दिलं आणि तुकडे पाडले. प्रत्येक तुकडा मूळ कॉलनीचाच क्लोन. हा दुर्मिळपणा कटर आणि वेळ यांच्या हातात असतो. कोरल वाढलं, कापलं, वाटलं की तो संपतो, आणि विक्रेत्याला तो संपण्याआधी विकायचा असतो.

दुसऱ्या प्रकारचा दुर्मिळपणा कागदावरचा. सगळे दगडी कोरल साइट्स या वन्य प्रजातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, परवान्याशिवाय सीमा ओलांडत नाहीत. इंडोनेशियाने मे २०१८ मध्ये कोरलची निर्यात थांबवली, ती २०२० च्या सुरुवातीला पुन्हा सुरू झाली. त्या मधल्या काळात अगदी साधे, घाऊक भावाने येणारे कोरलसुद्धा ‘आमच्याकडे शेवटचे दोनच’ म्हणून विकले गेले. तिसरा दुर्मिळपणा खोलीचा. पेपरमिंट एंजल हा लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा छोटा मासा कुक बेटांजवळ इतक्या खोलवर राहतो की रिब्रीदर (सोडलेला श्वास शुद्ध करून पुन्हा वापरणारं उपकरण) लावून उतरणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके डायव्हरच त्याच्यापर्यंत पोचतात. तिथे तो किती आहे आणि आपल्यापर्यंत किती येतो, हे दोन वेगळे आकडे.

समुद्रातच थोडा उरलेला, असा चौथा प्रकार मंदारच्या टँकमध्ये तेव्हाच पोहत होता. त्याकडे येतेच.

समोरचे पर्याय

केतकीने वहीच्या मागच्या पानावर तीन गोष्टी लिहिल्या होत्या. आत्ताच घ्यायचं. नाहीतर वर्ष-दीड वर्ष थांबायचं, तोवर तुकडे फिरतील आणि भाव उतरेल. नाहीतर पुढच्या फ्रॅग स्वॅपला, म्हणजे तुकड्यांच्या देवाणघेवाणीच्या मेळाव्याला, जाऊन हॅमरच्या दोन-तीन डोक्यांच्या बदल्यात एखादा साधा, सवयीचा अ‍ॅक्रो घ्यायचा आणि आपल्या पाण्यात तो टिकतो का ते आधी बघायचं. त्यांच्याकडे तोवर एकही अ‍ॅक्रोपोरा नव्हता.

तिसरा पर्याय उघड शहाणपणाचा होता. दुसरा फुकटचा होता. मंदारने पहिला घेतला. कारण विचारलं तर म्हणाला, “थांबलो तर ते सगळ्यांकडेच असेल ना.” हे वाक्य मी विसरलेले नाही. त्याला कोरल हवं होतं, पण त्याहून जास्त ते दुसऱ्याकडे नसायला हवं होतं. त्याला हसायचं कारण नाही. या छंदात असलेल्या प्रत्येकाला कधी ना कधी हा ताप येऊन गेलेला असतो, मलाही आला होता.

पहिले सहा महिने

फ्रॅग आला. डिप केलं, म्हणजे किडे मारणाऱ्या औषधी पाण्यात बुडवला, प्लग (तुकडा चिकटवलेली चकती) काढून टाकला, आठवड्याच्या अंतराने आणखी दोनदा डिप केलं, कारण कोरल खाणाऱ्या चपट्या कृमींची अंडी डिपला दाद देत नाहीत. वरच्या खडकावर, मध्यम प्रवाहात डिंकाने चिकटवला. इथे त्याने सगळं बरोबर केलं. मार्चपर्यंत तळ खडकावर पसरला, एप्रिलमध्ये दोन नवीन फांद्या फुटल्या.

मी तेव्हा म्हटलं, एक फांदी काप आणि माझ्याकडे ठेव. ही जुनी रीत आहे. आपल्याकडे काही झालंच तर बीज दुसऱ्याच्या घरी शिल्लक राहतं. मंदार हो-हो करत राहिला. कापायला तयार नव्हता. एकाचे दोन झाले की त्याच्या लेखी ते निम्मं झालं असतं.

मे महिन्यात मालवणहून त्याची आई आली. काकूंच्या उजव्या हाताच्या बोटात मंगळासाठी घातलेलं पोवळं आहे, त्यामुळे टँकसमोर उभं राहून त्यांनी पहिल्यांदा विचारलं, हे तेच का? तेच नाही. अंगठीतलं लाल पोवळं बहुतेक भूमध्य समुद्रातलं, त्याची जाडी वर्षाला एक मिलिमीटरही वाढत नाही. अ‍ॅक्रोपोरा चांगल्या पाण्यात वर्षाला कित्येक सेंटिमीटर वाढतो. मंदारने किंमत सांगितली. काकू त्या दोन इंचांच्या झुडपाकडे बघत राहिल्या.

“तोडलां तर परत वाढता?”

“हो, वाढतं.”

“मगे म्हाग कित्याक?”

मंदार हसला. मीही हसले. तिथे बसलेल्या कुणाहीपेक्षा नेमका प्रश्न त्यांनी विचारला होता.

काकूंनीच आणखी एक गोष्ट पाहिली. दिवसभर घरी त्याच असायच्या, माशांना खाणंही त्याच घालायच्या. जेवताना म्हणाल्या, तो पट्ट्यांचा एक मासा पाच-सहा दिवस झाले काही खात नाही, तोंड मिटून कोपऱ्यात उभा असतो, आणि त्याची हनुवटी सुजल्यासारखी दिसते. मी पोळी मोडत म्हटलं, “काकू, मासे करतात कधीकधी उपास.” ही माझी दुसरी चूक, आणि मोठी. बांगाई कार्डिनलचा नर अंडी तोंडात घेऊन बसतो, हे मला ठाऊक होतं. पण त्या घरात तेव्हा सगळ्यांची नजर एकाच खडकावर खिळली होती, माझीसुद्धा.

जूनमधला आठवडा

काकूंना नायगारा दाखवायला सगळे शुक्रवारी निघाले. रविवारी संध्याकाळी परतले तेव्हा डोसिंग पंपाचा, म्हणजे ठरावीक मात्रा आपोआप सोडणाऱ्या पंपाचा, अल्कलिनिटीचा डबा कोरडा होता. टेस्ट ६.४ दाखवत होती. मंदारने हिशेब केला, सोळा-सतरा ग्रॅम खायचा सोडा पाण्यात विरघळवला आणि एका तासाच्या आत ८.३ वर आणून ठेवलं. आकडा बरोबर आला, पण इतकी उडी एका तासात मारायची नसते. अल्कलिनिटी दिवसाला एकाने वाढवणं हेही भरपूर. घसरण अडीच दिवसांत झाली होती, भरपाई तासात झाली. माझ्या मते कोरलला मारलं ते या घाईने.

मंगळवारी रात्री एक वाजता फोन. “ताई, खालून सालं निघतायत.”

मी समजले. तळापासून मांस सुटत होतं, खाली पांढराशुभ्र सांगाडा उघडा पडत होता. हा प्रकार तासातासाने वर सरकतो. त्या वेळी करण्याजोग्या गोष्टी मोजक्या असतात: काहीच न करता वाट बघायची, कोरल बाहेर काढून आयोडीनमध्ये बुडवायचं, किंवा रेषेच्या बरंच वर कापून निरोगी टोकं वेगळी करायची आणि शक्य तर दुसऱ्या पाण्यात न्यायची. मी म्हटलं, आत्ता काप, एक टोक मी येऊन घेऊन जाते.

त्याने नाही कापलं. पाणी बदललं. चाळीस टक्के, रात्री दोन वाजता, घाईघाईने कालवलेलं, टँकपेक्षा पाच-सहा अंश थंड. पहाटे सहाला रेषा फांद्यांच्या बेचक्यात पोचली तेव्हा त्याने कटर उचलला. तीन टोकं निघाली, प्रत्येकी जेमतेम दीड सेंटिमीटर. दोन त्याने स्वतःच्या टँकमध्ये ठेवली, एक मी ओल्या कागदात गुंडाळून बरणीत घालून आणलं.

मी सातला त्यांच्या घरी पोचले तेव्हा काकू टँकपाशी उभ्या होत्या. वाळूवर नारिंगी मण्यांचा एक पुंजका पडला होता, हरभऱ्यापेक्षा बरेच लहान मणी, बारीक तंतूंनी एकमेकांत अडकलेले. यलो टँग त्यातून टिपत होता. नर बांगाई वर कोपऱ्यात, तोंड आता रिकामं. थंड पाण्याच्या आणि रात्रीच्या गडबडीच्या धक्क्याने त्याने अंडी टाकली होती. मंदार त्याच वेळी कोरलच्या टोकांना डिंक लावत होता, त्याने वळूनही पाहिलं नाही.

निष्पत्ती

त्याच्याकडची दोन टोकं दोन दिवसांत गेली. माझ्याकडचं जगलं, पण रंग सगळा उतरला आणि ते मातकट तपकिरी झालं. महिनोन् महिने तसंच. रंग धरायला पुढचा मार्च उजाडला. त्याच महिन्यात एका फ्रॅग स्वॅपला तेच नाव, तोच क्लोन, त्याहून मोठा तुकडा एकशे चाळीस डॉलरला मांडलेला होता. मंदारने तो हातात घेतला, फिरवून पाहिला, परत ठेवला. पुढे माझ्याकडचं वाढलं तेव्हा मी दोन भाग केले. एक त्याच्याकडे आहे, एक माझ्याकडे. ठाण्याच्या चुलतभावाकडेही एक ठेवू, असं तो एकदा गमतीत म्हणाला होता. ते अर्थात शक्य नाही: एक तर साइट्सचा परवाना, शिवाय भारतात दगडी कोरल वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, मालवणच्या किनाऱ्यावर वाहून आलेला मेलेला तुकडाही उचलून आणायचा नसतो.

अंड्यांचा मात्र कुणी हिशेब मांडला नव्हता. तो केतकीने मांडला. तिने बांगाईबद्दल वाचायला घेतलं आणि एका रविवारी वहीत दोन पानं भरली. हा मासा जगात मूळचा फक्त इंडोनेशियात, सुलावेसीच्या पूर्वेला बांगाई बेटांच्या परिसरात. त्याला राहण्याजोगी जागा सगळी मिळून पन्नास चौरस किलोमीटरसुद्धा नाही. वॉल्टर काउडर्न या संशोधकांनी १९२० मध्ये नमुने गोळा केले, १९३३ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन झालं, मग तो विसरला गेला. १९९४ मध्ये मत्स्यतज्ज्ञ जेराल्ड अ‍ॅलन यांनी तो पुन्हा शोधला, आणि काही वर्षांतच जगभरच्या दुकानांत तो लाखांनी जाऊ लागला. २००७ साली तो आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संस्थेच्या यादीत ‘धोक्यात’ म्हणून नोंदला गेला.

इतर बहुतेक सागरी माशांची पिल्लं प्रवाहाबरोबर वाहत दूर जातात. याची जात नाहीत. अंडी बापाच्या तोंडात फुटतात, पिल्लंही तिथेच काही दिवस राहतात, आणि सात-आठ मिलिमीटरची होऊन बाहेर पडली की जवळच्याच सागरी साळूच्या (सी अर्चिन या काटेरी गोळ्यासारख्या प्राण्याच्या) काट्यांत शिरतात. त्यामुळे एका बेटाजवळचे मासे दुसऱ्या बेटाजवळच्यांहून जनुकांनी वेगळे असतात, आणि एखाद्या खाडीतले सगळे पकडून नेले तर तिथे दुसरीकडून येऊन कुणी भरत नाही. टँगचं तसं नसतं. म्हणजे त्या घरातली सगळ्यात दुर्मीळ गोष्ट पंचवीस डॉलरची होती, आणि तिच्या अंड्यांवर त्यांचाच महागडा टँग जेवला होता.

ऑगस्टमध्ये नराने पुन्हा तोंड मिटलं. या वेळी काकूंनी कॅलेंडरवर गोल केला. अठराव्या दिवशी रात्री लाल टॉर्चच्या उजेडात, जाळी न वापरता मोठ्या प्लास्टिकच्या भांड्याने नराला पाण्यासकट उचललं आणि टँकमध्येच टांगलेल्या जाळीच्या पेटीत ठेवलं. हा निर्णयही वादाचा होता. हलवलं तर तो अंडी टाकू शकतो, न हलवलं तर पिल्लं टँकमध्ये सुटून खाल्ली जातात. मी हलवायच्या बाजूने होते. सव्विसाव्या दिवशी एकतीस पिल्लं बाहेर आली. लपायला त्यांना काळ्या केबल-टायचा गुच्छ बांधून खोटी साळू करून दिली होती, ती पाचच मिनिटांत त्यात जाऊन बसली. खायला अंड्यातून ताजा फुटलेला आर्टेमिया, म्हणजे बारीक कोळंबीसारखा जीव, तोही फॅटी अ‍ॅसिडने समृद्ध केलेला. पहिल्या आठवड्यात हे समृद्ध करणं दोन दिवस राहिलं आणि त्या दोन दिवसांनंतर नुसता दिवा लावला तरी काही पिल्लं दचकून आडवी पडली, परत उठली नाहीत. बांगाईच्या पिल्लांत हे ठाऊक असलेलं दुखणं आहे. दोन महिन्यांनी एकोणीस उरली. सहा ओळखीच्यांत गेली, तेरा जवळच्या दुकानाने प्रत्येकी आठ डॉलरच्या उधारीवर घेतली.

आज तीच वेळ आली तर

कोरलबाबत बदल साधे आहेत. डोसिंगचा डबा सुट्टीवर जाण्याआधी भरायचा, घसरलेला आकडा दिवसाला एकाने वर आणायचा, फांदी फुटल्याबरोबर एक कापून दुसऱ्याच्या घरी ठेवायची, आणि खालून पांढरं दिसलं तर रात्री एकलाच कटर उचलायचा. विकत घेण्याच्या बाबतीत मंदार आता विक्रेत्याला एकच विचारतो: हे तुमच्याशिवाय आणखी कुणी वाढवतंय का? वाढवत असतील तर थांबतो. नसतील तर जास्तच थांबतो, कारण कुणाकडेच टिकत नसल्यामुळेही एखादी गोष्ट दुर्मीळ असू शकते.

माशांबाबत मला इतकं सोपं उत्तर सापडलेलं नाही. घरात वाढवलेल्या पिल्लांनी समुद्रातला एकही मासा वाढत नाही. फार तर दुकानात समुद्रातून पकडलेल्यांची मागणी थोडी कमी होते, आणि या जातीत तेही मोलाचं, कारण पकडून आणलेल्या बांगाईंमध्ये एका विषाणूने मोठी मर होते. पण आमच्या एकोणीस पिल्लांचे आईबाप एकाच दुकानातल्या एकाच खेपेतले होते, कदाचित सख्खी भावंडं. दुकानाला कुठल्या बेटाचे ते माहीत नव्हतं, दुकानाला पुरवणाऱ्यालाही नाही. केतकीला पुढची जोडी वेगळ्या रक्ताची हवी आहे, आणि कुठल्या बेटाची ते लिहिलेली. तिने आतापर्यंत सात ठिकाणी विचारलं. वाट्टेल तेवढे बांगाई द्यायला सगळे तयार आहेत. एकाने कुठल्या बेटाचे या प्रश्नाला उलट विचारलं, “रंगात काही फरक असतो का?” काकू आता मालवणला असतात आणि दर रविवारी व्हिडिओ कॉलवर आधी माशांकडे कॅमेरा फिरवायला लावतात. नराने परवाच पुन्हा तोंड मिटलंय.